बालाघाटावरील माळ आणि त्याचीं माणसें

गतवर्षीं एका परीक्षेच्या निमित्तानें ‘सव्हाना म्हणजे काय व तो कोठें आढळतो’ असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यांत आला होता. उत्तरें वाईट नव्हतीं. पूर्व आफ्रिकेचीं कुरणें आलीं, व्हेनेझुएलांतील लानोस आले. एका हुशार मुलानें ब्राझीलच्या अगदीं उत्तर टोंकास असलेल्या रोराइमा प्रांतांतील गवताळ मुलुखाचेंहि वर्णन केलें होतें. मात्र ज्या वर्गांत बसून हीं उत्तरें लिहिलीं गेलीं, त्याच्या खिडकींतून दिसणारा अहमदपूरचा माळ एकाच्याहि लेखणींतून उतरला नाहीं. त्या वर्गांत तांड्यांवरचीं आणि धनगरवाड्यांवरचीं मुलें कमी नव्हतीं. त्यांपैकीं एकाला मीं सहज विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “सर, तो सव्हाना नव्हे, ती नुसती पडीक जमीन.” त्या ‘नुसती’ या शब्दानें मला हा लेख लिहावयास लावलें.

अहमदपूर, ज्याचें राजूर हें जुनें नांव अद्यापि वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं आहे, तें बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आहे. पठाराच्या पोटांतील खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. जेथें तो कुजून खोल बसला तेथें काळी जमीन झाली. जेथें उतारावरून माती धुऊन गेली तेथें मुरूम उघडा पडला. काळीवर ज्वारी, तूर आणि आतां सोयाबीन, मुरमावर गवत. मन्याड नदी याच तालुक्यांतून कंधाराकडे जाते व पुढें मांजरेस मिळते. पाऊस सरासरीच्या आंकड्यांत बरा दिसतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि एखाद्या वर्षीं पडतच नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा मुलुखांत दाट अरण्य वाढत नाहीं. वाढतें तें पवन्या, मारवेल, कुसळी असें गवत. आणि त्यांत दूर दूर उभीं असलेलीं हिवर, बोर, खैर व बाभूळ. गवत व विरळ झाडें यांच्या या सहवासालाच जग सव्हाना म्हणतें. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील लोकांचा. तो स्पॅनिश भाषेंतून सर्वत्र पसरला. आपला शब्द ‘माळ’, आणि तो कोणाकडून उसना घ्यावा लागलेला नाहीं.

माळ म्हणजे मेलेलें जंगल, असें मत इंग्रजी अमदानींतील वनाधिकाऱ्यांनीं रूढ केलें व तें आपण निमूटपणें स्वीकारलें. येथें एके काळीं घोर अरण्य होतें. कुऱ्हाडीनें व शेळ्यामेंढ्यांनीं तें खाल्लें. आतां झाडें लावून तें पुन्हा उभें करावें, असा तो विचार आहे. वस्तुतः आपल्या उपखंडांत गवताळ प्रदेश पसरले ते सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीं, म्हणजे माणसाच्या हातीं कुऱ्हाड येण्याच्या फार आधीं. २०२५ मध्यें आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनीं तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, काव्यें व लोकगीतें यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांत आलेल्या रानटी वनस्पतींपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश माळावरच्या निघाल्या. दाट वनांतल्या अगदींच थोड्या. हा अभ्यास पश्चिम महाराष्ट्रापुरता आहे. तो बालाघाटास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. पण आपल्या जुन्या वाङ्मयाकडे असाहि प्रश्न घेऊन जातां येतें, हें त्यानें दाखवून दिलें.

आतां इतिहासाकडे वळूं. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि बहुतेक विद्वान् लट्टलूर म्हणजे आजचें लातूर असें मानतात. तिसऱ्या कृष्णाच्या काळीं, म्हणजे दहाव्या शतकांत, कंधार हें वैभवाचें स्थान होतें. तेथील शिलालेखांत जगत्तुंगसमुद्र नांवाच्या तलावाचा निर्देश आहे. कोरड्या मुलुखांत राजानें तलावास ‘समुद्र’ म्हणावें, यांतच या भूमीचें सगळें दुखणें येऊन जातें. त्या राजवाड्यांचे आज दगड उरले आहेत. परंतु कंधारचें नांव चालविणारी एक जिवंत वस्तु अद्यापि माळावर चरते. ती म्हणजे लाल कंधारी गाय. राजाश्रयानें ही जात जोपासली गेली अशी परंपरा आहे. ती खरी असो वा नसो, भर उन्हांत मुरमावर औत ओढणारा, थोड्या चाऱ्यावर निभावणारा हा बैल एका पिढींत घडलेला नाहीं. शेजारच्या देवणीच्या गुरांचीहि तीच गोष्ट. वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून त्यांचे भेद गुराखी सहज सांगतो. हा त्याचा वंशेतिहासच होय. तो कागदावर न लिहितां कातड्यावर लिहिला गेला, एवढेंच.

माळानें गुरें घडविलीं तशीं माणसेंहि घडविलीं. हटकर धनगरांचा उल्लेख अबुल फजलानें वाशीमच्या संदर्भांत ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें केला आहे, आणि तो मेंढपाळ म्हणून नव्हे, तर घोडेस्वार व पायदळ बाळगणारे मानी लोक म्हणून. १८१९ सालीं याच जातीच्या नोवसाजी नाइकानें नव्ह्याच्या गढींतून निजामाच्या इंग्रजी अंमलदारांखालील फौजेशीं झुंज दिली. दुसरे बंजारे. लमाणांचे बैल मीठ व धान्य घेऊन दख्खनभर फिरत. लष्कर कोणाचेंहि असो, रसद त्यांची. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरला निजामास नमविलें, तें आम्ही शाळेंत शिकवितों. पण त्या मोहिमेंतील हजारों घोडीं व बैल कोणत्या माळावर चरलीं, हें कोणी विचारीत नाहीं. आगगाडी व सडका आल्या, तशी बैलांची पाठ रिकामी झाली आणि चालता तांडा जागच्या जागीं बसला. आज ज्यास आपण तांडा म्हणतों, ती खरें पाहतां थांबलेली वाट आहे.

नांदेडच्या वाटेवर लोहा तालुक्यांत माळेगांव लागतें. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथें खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट, लाल कंधारी व देवणी यांचा बाजार भरतो आणि भटक्या जातिजमाती दूरदूरून जमतात. खंडोबाच्या दोन बायका: म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडितानें या देवतांचा जन्मभर अभ्यास करून पेठ व शेत एकीकडे आणि रान व कळप दुसरीकडे, असें हें नातें उलगडून दाखविलें. लिंगायत आणि धनगर हे दोघेहि ज्या तालुक्यांत नांदतात, तेथील माणसाला ही कथा परकी वाटत नाहीं. दोघींचें भांडण गीतांत रंगतें, परंतु देव एकीला टाकून दुसरीकडे कायमचा जात नाहीं.

सरकारी दप्तरानें मात्र बाणाईस टाकलें. ज्या जमिनीवर पीक नाहीं ती सारा देत नाहीं. जी सारा देत नाहीं ती खराब. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा शब्द अजून आहे. बिदर जिल्ह्यांतून हा तालुका १९५६ सालीं उस्मानाबादेंत आला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजीं नव्या लातूर जिल्ह्यांत. जिल्हा बदलला, शब्द बदलला नाहीं. २००० सालीं देशांतील पडीक जमिनींचे नकाशे छापून निघाले, आणि त्यांत विस्तीर्ण गवताळ प्रदेश पडीक म्हणूनच रंगविले गेले. राज्यांत वनक्षेत्र अत्यंत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूर मोडतो. तेव्हां तें वाढविण्यासाठीं खड्डे खणावयाचे ते माळावरच. गिरिपुष्प व सुबाभूळ यांच्या रांगांखालीं पवन्या मरतो, आणि मेंढपाळास दुसरा जिल्हा शोधावा लागतो.

येथें एका आक्षेपास उत्तर दिलें पाहिजे. माळ राखावयाचा तर ज्यांना वीतभर जमीन नाहीं त्यांनीं काय करावें? मराठवाड्यांतील दलित भूमिहीनांनीं गायरानें कसून पोट भरलें. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालीं झाला. १९९१ च्या शासननिर्णयानें १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं त्यांचीं अतिक्रमणें नियमित करण्याचें ठरलें. पुढें २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गांवाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. पण भूमिहीन व अनुसूचित जातिजमाती यांना सरकारनें दिलेल्या पट्ट्यांपुरता अपवादहि ठेवला. गवताच्या प्रेमानें माणसावर अन्याय करा असें म्हणणारा मी नाहीं. मला इतकेंच दिसतें कीं, धनगर व दलित यांना एका तुकड्यासाठीं समोरासमोर उभें केलें जातें तें तो तुकडा ‘कोणाचाच नाहीं’ असें आधीं लिहून ठेवल्यामुळें. सुपीक काळी कोणाच्या नांवें आहे, हा प्रश्न त्या गडबडींत मागें पडतो.

त्या हुशार मुलाच्या उत्तरांतील रोराइमाची कथा येथें उपयोगी पडते. तेथील सव्हानांत माकुशी, वापिशाना इत्यादि लोक राहतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनीं तेथें गुरें नेलीं. मागून पशुपालक मळेवाले आले, मग भातशेतीवाले. प्रत्येकानें तो मुलूख ओसाड आहे असेंच सांगितलें. मूळ रहिवाशांनीं मात्र आपलीं गांवें, आपल्या वाटा व टेकड्यांचीं नांवें पुढें ठेवून दीर्घ लढा दिला. २००५ मध्यें ‘रापोसा सेर्रा दो सोल’ हा सुमारें सतरा लक्ष हेक्टरांचा प्रदेश त्यांचा ठरला, आणि २००९ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. आपली परिस्थिति निराळी आहे. येथें माळावर एकाच जमातीचा हक्क नाहीं. परंतु जो मुलूख नांवानिशीं ओळखला जातो त्यास ओसाड म्हणणें कठीण होतें, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हणून तरुण अभ्यासकांस माझी एक विनंति आहे. आपापल्या गांवच्या माळाच्या प्रत्येक टेकाडाचें, पाणवठ्याचें, शेंदूर लावलेल्या दगडाचें आणि गवताचें नांव जुन्या माणसांकडून विचारून लिहून घ्यावें. मेंढ्या कोणत्या महिन्यांत कोणत्या वाटेनें येतात व शेतांत खतासाठीं बसविल्या तर शेतकरी बदल्यांत काय देतो, हेंहि टिपावें. याला अनुदान लागत नाहीं. वही, पेन्सिल व पायांत बळ लागतें. त्या तांड्यावरच्या मुलानें याची सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यांत त्यानें मला आपल्या आजोबांकडून घेतलेलीं एकोणीस गवतांचीं नांवें आणून दाखविलीं. त्यांतलीं सात मला ठाऊक होतीं.