नव्या सायकलीची कुरकुर

तळेगांव दाभाड्याहून आंबीकडे जाणारा रस्ता इंद्रायणी ओलांडून मावळांत पुढें जातो. या रस्त्यावर एका सकाळीं माझी नवी कोरी सायकल बोलूं लागली. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदां 'टक्' असा आवाज येई. सायकल घेऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. आवाज म्हणजे तेलाची मागणी, अशा समजुतीनें मीं साखळीला भरपूर तेल पाजलें. आवाज तर गेला नाहींच; उलट धूळ चिकटून साखळी काळवंडली. शेवटीं रस्त्याकडेच्या एका वृद्ध कारागिरानें मला थांबविलें आणि म्हटलें, "साहेब, तेल राहूं द्या. आधीं डावी क्रँक धरून हलवून बघा." क्रँक म्हणजे जिला पायडल जोडलेलें असतें ती दांडी. ती आपल्या आंसावर चक्क डुलत होती. तशीच चालविली असती, तर तिचें चौकोनी भोंक झिजून ती कायमची निकामी झाली असती. आणि भर उतारावर निखळती, तर माझीं हाडेंही शाबूत राहतीं ना!

नवें यंत्र कुरकुरतें कां, या प्रश्नाचें उत्तर सायकलीच्या इतिहासांत सांपडतें. आरंभींची सायकल लांकडी चाकांची व लोखंडी धांवांची असे. इंग्लंडांत तिला 'हाडें खिळखिळी करणारी' असेंच नांव पडलें होतें. १८६९ सालीं पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यानें आंसाभोंवतीं छर्रे बसविण्याचें पेटंट घेतलें. १८७४ मध्यें जेम्स स्टार्ली यानें चाकाच्या तारा एकमेकींना छेदून तिरकस ओढून बसविल्या. १८८० मध्यें हान्स रेनोल्डनें आजच्या धर्तीची साखळी बनविली. १८८५ मध्यें स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप यानें कॉव्हेंट्री येथें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली 'रोव्हर' सिद्ध केली, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानें हवेच्या धांवेचें पेटंट घेतलें. या सर्वांनीं वजन घटविलें खरें. पण एका जाड लांकडाचें काम अनेक बारीक, ताणलेल्या व आंवळलेल्या भागांवर सोंपविलें. असे भाग आपापल्या जागीं बसावयास कांहीं दिवस लागतात. ती कुरकुर या बसण्याची असते.

त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो, आणि तो आरंभ बेळगांवच्या सायकलींच्या दुकानांत झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांना सायकल विकून भागत नसे. गिऱ्हाइकाला बसावयास शिकविणें हेंही काम रामुअण्णांकडे असे. पुढें याच घराण्यानें लोखंडी नांगर घडविले आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसविली. तिकडे अमेरिकेंत राइट बंधूंनीं १८९२ मध्यें डेटन येथें सायकलींचें दुकान काढलें व १९०३ मध्यें विमान उडविलें. सैल खिळा शोधणाऱ्या हातांनींच हें घडविलें, याचें नवल वाटावयास नको.

आतां आवाजाची परीक्षा कशी करावी, तें सांगतों. पहिला प्रश्न, आवाज कशाच्या तालावर येतो? पायडलाच्या फेऱ्याला एकदां येत असेल, तर क्रँक, पायडल किंवा मधला आंस पाहावा. पाय थांबविल्यावरही चाकाच्या तालावर येत असेल, तर ब्रेक, तारा किंवा धांव पाहावी. बैठकीवरून उठतांच थांबला, तर दोष बैठकीच्या दांड्याचा. पुढला ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हलवितां हातांला ठोका लागला, तर हँडलाखालचे छर्रे सैल आहेत. नव्या चाकाच्या तारा पहिल्या फेरींत 'टिंग टिंग' वाजतात. त्या बसवितांना आलेला पीळ उलगडतो म्हणून. त्याची काळजी नको. पण नंतर चाक डोलूं लागलें, तर कारागिराकडून तारा सारख्या करून घ्याव्या. गिअरच्या सायकलींत केबलचें आवरण बसलें कीं साखळी दातांवर खरखरूं लागते. तेथें केबल किंचित् ताणणें एवढाच उपाय. डावें पायडल उलट्या आट्यांचें असतें, तें डावीकडे फिरविलें म्हणजे आंवळतें. उजव्याप्रमाणें आंवळूं गेल्यास सैल होतें.

म्हणून पहिल्या शंभर-दोनशें किलोमीटरांनंतर सायकल एकवार कारागिराकडे न्यावी. तेल शेवटीं द्यावें, आणि दिल्यावर वरचें पुसून काढावें. माझी क्रँक आंवळल्यावर आंबीच्या पुलावरून परततांना मला फक्त धांवेची सळसळ आणि खालच्या पाण्याचा आवाज ऐकूं आला.