लोह्याचा उन्हाळा आणि कापडाची निवड

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात कापडाचा खरा हंगाम पाडव्यापासून ज्येष्ठापर्यंतचा. दिवाळीला लेकराबाळांना नवे कपडे होतात, तेवढंच. लग्नं मात्र बहुतेक उन्हाळ्यातच, कारण तेव्हा रानं मोकळी असतात, कापूस विकून हातात पैसा आलेला असतो आणि शाळांना सुट्टी असते. माझे वडील शिंपी, एका कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसायचे. चैत्र-वैशाखात त्यांचा पाय रात्री उशिरापर्यंत पायट्यावरून उठायचा नाही. आता मी तेच काम घरी करते. संत नामदेव महाराजही शिंपीच, नरसीचे, म्हणजे आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले. या धंद्याचा अभिमान आम्हाला तिथून मिळतो. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, की आमच्याकडे उन्हाळ्याचं कापड कोण निवडत आलं. मोबाईलवर कुर्ती निवडणाऱ्या पोरीला नावं ठेवणाऱ्यांनी हा मागचा हिशोब एकदा बघावा.

निजामाच्या काळात लोहा हे कंधार तालुक्यातलं गाव. नांदेड तर एके काळी तलम मलमलीसाठी नावाजलेलं. १९०० साली मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे नांदेडवरून गेली आणि चित्र पालटलं. आमचा कापूस गाठी बांधून बाहेर जाऊ लागला आणि मुंबईच्या गिरण्यांचं कापड ठाणांनी आत येऊ लागलं. १९२०च्या दशकात नांदेडातच उस्मानशाही मिल उभी राहिली. सोलापूर इंग्रजी मुलखात होतं, म्हणून तिथली लुगडी निजामी हद्दीत यायची ती करोडगिरीच्या नाक्यावर कर भरून. आजोबा त्या काळातला भाव सांगायचे तेव्हा लगेच जोडायचे, "हाली बरं का, कलदार नव्हे." निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान संपलं, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडून हाली पुढे कितीतरी वर्षं गेला नाही.

त्या वेळचा उन्हाळी कपडा साधा होता. गड्याच्या अंगात मांजरपाटाची बंडी, खाली धोतर, डोक्याला रुमाल. बाईला सुती लुगडं आणि खणाची चोळी. लुगडं नवं असताना जाडंभरडं लागायचं, धुऊन धुऊन मऊ पडायचं, आणि फाटलं की त्याची गोधडी व्हायची. पण ते लुगडं आणायला बाजारात जायचा तो घरातला कर्ता पुरुष. रंग त्याच्या पसंतीचा, काठ त्याच्या पसंतीचा, पैसे सुगीला द्यायच्या बोलीवर. दुकानदाराच्या खातेवहीत नाव त्याचंच. बाईच्या पुढ्यात घडी पडायची आणि ती नेसायची.

लग्नाचा बस्ता ही याच व्यवहाराची मोठी आवृत्ती. लोह्याची माणसं बस्त्याला नांदेडला वजिराबादेत जायची. ज्यांची सोयरीक खाली दक्षिणेला असेल ती लातूरला गंजगोलाईत. दुकानात पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरलेल्या. एका बाजूला नवऱ्याकडची वडीलधारी, दुसऱ्या बाजूला नवरीकडची, मध्ये मानपानाची यादी: आजेसासूचं लुगडं, मामीचं पातळ, करवलीचा झगा, मामाचा फेटा, व्याह्याचं धोतर. चहा यायचा, घडी उलगडायची, पुन्हा घातली जायची, आणि एखाद्या चुलत्याच्या टोपी-उपरण्यावरून दुपारभर वाद चालायचा. एवढ्या माणसांत नसायची ती नवरी. माझ्या आईने स्वतःचा शालू पहिल्यांदा पाहिला तो लग्नघरी, नेसायच्या दिवशी. तो जांभळा होता आणि तिला जांभळा कधीच आवडला नाही. ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा मी तिच्याच नातीचं ब्लाऊज बेतत होते.

पण त्या बस्त्यात एक विद्या होती आणि ती मला कापडाइतकीच मोलाची वाटते. वडील दुकानाच्या ओट्यावर बसून गिऱ्हाइकाला ती बिनपैशानं शिकवायचे. ठाणाचं टोक दोन्ही हातांत धरून चोळायचं. पांढरी भुकटी झडली तर कापड खळीने जड केलेलं आहे, पहिल्या धुण्यात ते पार जाळीसारखं होणार. मग मुठीत आवळून सोडायचं आणि चुण्या किती राहतात ते बघायचं. शेवटी काठाचा एक धागा उपसून काडीनं पेटवायचा. सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी करडी राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी होतो. "माय, हात लावून बघ की, डोळ्यानं कापड कळत नसतंय," हे त्यांचं रोजचं वाक्य. आजही माझ्या मशीनच्या खणात बॉबिनच्या शेजारी काडीपेटी असते.

तो काळा मणी आमच्याकडे कधी आला, तेही सांगायला हवं. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आलं, मागोमाग टेरिकॉट, बायकांसाठी नायलॉनची पातळं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट दिसू लागला आणि तोच मोठेपणाचा कपडा ठरला. धीरूभाई अंबानींनी १९६६ साली नरोड्याला गिरणी काढली आणि त्यांचं विमल पुढे गावोगावच्या दुकानांवरच्या पाट्यांत झळकलं. इकडे १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांच्या ओळखीच्या कित्येक गिरण्यांचा माल हळूहळू दिसेनासा झाला. सुरतेच्या साड्यांनी ती जागा भरली. आमची उस्मानशाहीही पुढे बंद पडली.

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात माणसांनी हे गरम कापड का पत्करलं? शहरातली माणसं याला अडाणीपणा म्हणतात, आणि मला ते पटत नाही. कारण पाणी हे होतं. सुती धोतर घामानं लवकर मळतं, त्याला पाणी जास्त, साबण जास्त, वाळायला वेळ, वर नीळ आणि इस्त्री. १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईने दोन लुगडी आलटून पालटून कशी धुवावीत? २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तो काही फार जुना काळ नव्हे. टेरिकॉट घागरभर पाण्यात निघतं, दांडीवर टाकलं की झटकन वाळतं, आणि दहा वर्षं फाटत नाही. शेतातल्या बाया आजही उन्हात साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. तो बहुतेक टेरिकॉटचाच असतो, कारण तोच टिकून राहिलेला असतो. गरम होतो हे त्यांना कळत नाही असं नाही.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. १९८४ साली नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 'एनएचएच-४४' हे संकरित वाण दिलं, आमची माणसं त्याला नांदेड-४४ म्हणतात, आणि ते देशभर पेरलं गेलं. राष्ट्रध्वजाची खादी आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते आणि ध्वज नांदेडला तयार होतात. एवढा कापूस आणि एवढं सूत असलेल्या मुलखातली लेकरं मे महिन्यात पॉलिस्टरच्या कपड्यांत घामोळ्यांनी रडतात. माझ्या दारात ती येतात, म्हणून मला ठाऊक आहे.

पुढे तयार कपडे आले. नांदेडच्या तारासिंह मार्केटमधून लोह्याच्या दुकानांत गठ्ठे यायचे. फॅशनची बातमी तेव्हा सिनेमा आणायचा: १९९४ला 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या ब्लाऊजच्या गळ्याची मागणी इथल्या लग्नांत झाली, २०१६ला 'सैराट' आला तेव्हा पोरींनी आर्चीसारखे कुर्ते शिवून मागितले. पोरगी मैत्रिणीकडे बघून किंवा वर्तमानपत्रातलं चित्र कापून घेऊन यायची, कापड मात्र अजून बापाने किंवा भावाने आणलेलं.

मग त्याच २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट खेड्यातल्या पोरीच्या हातात पडलं. फ्लिपकार्ट २००७पासून होतं, ॲमेझॉन भारतात २०१३ला आलं, मीशो २०१५ला. पण आमच्याकडे त्यांचा खरा प्रवेश झाला तो टाळेबंदीत. २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्याच दिवशी देश बंद झाला. गुढीला नवा खण नव्हता; घरोघरी पेटीतली जुनी साडी काठीला लागली. त्या वर्षी बस्ते झाले नाहीत, पन्नास माणसांत लग्नं लागली. बंदी सैल झाली तसं पार्सल घेऊन येणारा पोरगा मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत दिसू लागला, आणि नंतर तो रोजचाच झाला. पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे, ही सोय नसती तर आमच्या बायांनी विश्वास टाकला नसता. सुगीच्या बोलीवर कापड घेणारा हा मुलूख. आधी पैसे मोजायची इथे सवयच नाही.

आता उन्हाळा लागला की माझ्याकडे ठाणातलं कापड कमी आणि पार्सलमधले कपडे जास्त येतात. कुर्ती खांद्यात उतरते, मुंढ्यात काचते, घेर भलताच. एक्स-एल एका ठिकाणचा चाळीस इंच, दुसऱ्या ठिकाणचा बेचाळीस. आत करणं सोपं असतं; सैल करायला शिवणीच्या आत दाब ठेवलेला नसतो. वडील ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच दाबायचे, बाई बाळंतपणानंतर तेच ब्लाऊज उसवून घालायची. या तयार मालात बोटभरही कापड नसतं. मग मी काखेत त्याच रंगाची पट्टी जोडून देते.

२०२४चा एप्रिल माझ्या कायम लक्षात राहील. ९ला पाडवा, ११ला रमजान ईद, १३ला वैशाखी, १४ला भीमजयंती. एकाच आठवड्यात शरारा, पाडव्याच्या साडीचे ब्लाऊज, जयंतीच्या पांढऱ्या साड्यांचे पिको-फॉल आणि पांढऱ्या कुर्त्यांच्या बाह्या. नांदेडहून एका सरदारजींची सून फुल व्हॉईलची दस्तार घेऊन आली, कडा शिवायला. त्यातला निम्मा माल मोबाईलवरून आलेला होता. भीमजयंतीच्या पांढऱ्या साडीसाठी एक मजूर बाई आली होती. तिने ती साडी स्वतः निवडली होती, स्वतःच्या मजुरीतून. मला म्हणाली, "दुकानात गेलं की बारकी साडी दाखवायलेत, महागाची काढीतच नाहीत. इथं समद्या बघता येतात." दुकानाच्या गादीवर माणूस बघून माल उलगडला जातो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मोबाईल तिची जात विचारत नाही, पायातली चप्पल बघत नाही. पूर्वीच्या बस्त्याच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांनी हे वाक्य ऐकून ठेवावं.

म्हणून पार्सलला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझ्या आईला न मिळालेली निवड तिच्या नातीने केली: लग्नाची साडी तिने मोबाईलवर निवडली, पोपटी, आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही. गेली ती हाताची पारख. पडद्यावर सगळंच मऊ दिसतं. 'कॉटन ब्लेंड' असं लिहिलेल्या कुर्तीचा धागा मी पेटवते तेव्हा बहुतेक वेळा मणी होतो. आणि लोह्यातल्या दुकानांत मीटरवर मिळणारी मलमल, वायल, पॉपलीन कमी कमी होत चालली आहे, कारण मागणारं कुणी उरलं नाही. परवा सनकोटासाठी जाडसर पांढरं सुती कापड हवं होतं. त्यासाठी मला नांदेड गाठावं लागलं.

तेव्हा पोरींनो, निवडा तुम्हीच. पण मागवण्याआधी फोटोखालची कापडाची ओळ वाचा. तिथे 'कॉटन' हा एकच शब्द असेल तरच उन्हाळ्यासाठी घ्या. छाती, खांदा आणि मुंढा इंची टेपने मोजून घ्या आणि एक्स-एल न बघता इंच बघा. पार्सल आलं की लेबल काढण्याआधी आतल्या शिवणीजवळ कापडाच्या कडेचा एक धागा उपसा, शिलाईचा दोरा नव्हे, आणि घराबाहेर, जपून, काडी लावा. मणी झाला तर परत पाठवा. आणि गावातल्या कापड दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे, की चैत्र लागायच्या आत चार ठाणं चांगल्या सुती मलमलीची आणि वायलची आणून ठेवा, आणि जी बाई दारात येईल तिच्यापुढे ती सगळी उलगडा. शिवायला मी आहे.