तुकोबांचं धरणं

माउली, दुष्काळाचं नाव निघालं की कीर्तनात पहिल्यांदा मंगळवेढ्याचे दामाजीपंत उभे राहतात. बेदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी उपाशी लोकांना उघडून दिली. शिक्षेची वेळ आली तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन दरबारात गेला आणि मोहोरांची थैली रिकामी करून आला. कथा गोड आहे. मीही सांगतो, बुक्का लावून घेतो, लोक टाळ्या वाजवतात. पण टाळ्या थांबल्या की एखादा गप्प बसलेला माणूस मनातल्या मनात विचारतो : माझ्या घरी का नाही आला?

हा प्रश्न पाखंडी नाही, बरं का. देहूच्या एका वाण्याच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला होता. आज त्या घराचीच हकीकत पाहू.

शके १५५२, म्हणजे इसवी सन १६३०. त्या वर्षी पाऊस गेला. गुजरात, खानदेश, सगळं दख्खन होरपळून निघालं. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. वाटेवर पडलेली प्रेतं, त्यांची दुर्गंधी, ओस पडलेली गावं असं सगळं त्यानं लिहून ठेवलं आहे. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो, की मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली जात होती. बादशहानं लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. पण बादशाही हुंडी काय सगळ्या मुलखाला पुरते? इकडे पुण्यावर तर दुहेरी घाव. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, असं सांगतात. शिवनेरीवर शिवबा जन्माला आले तेही हेच वर्ष.

आणि पुण्याच्या वायव्येला, इंद्रायणीच्या काठी, तुकोबा. शके १५३० हे जन्मसाल धरलं तर बाविशीतला तरुण. घरात महाजनकी, वाणसवदा, सावकारी. खतं लिहिणं, व्याज मोजणं हा रोजचा व्यवहार. आई-वडील आधीच गेलेले, थोरले बंधू सावजी घर सोडून निघून गेलेले. त्यात हा काळ आला. दुकान बसलं, दिवाळं निघालं. थोरली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवलं आहे. पाठोपाठ मुलगा संतू गेला.

इथे थोडं थांबा. पुढच्या अभंगांकडे धावू नका. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा विठोबा आहे, विश्वंभरबुवांपासूनची पंढरीची वारी आहे, आणि त्याच घरात बाई भुकेनं मरते. दामाजीची थैली देहूत आली नाही.

मग देवानं गीतेच्या नवव्या अध्यायात दिलेलं योगक्षेमाचं वचन कुठे गेलं? नाही ते मिळवून देणं म्हणजे योग, आहे ते राखणं म्हणजे क्षेम. दोन्हींचं ओझं मी वाहतो, असा शब्द त्यानं दिला आहे. पण तो दिला कुणाला, हे आपण विसरतो. अर्जुनाला. युद्ध सुरू होण्याआधी. आणि तेराव्या दिवशी त्याच अर्जुनाचा सोळा वर्षांचा अभिमन्यू चक्रव्यूहात पडला. वचन देणारा सारथी रथावरच बसलेला होता! तेव्हा वचन मिळालं म्हणजे आता घरात मरण येणार नाही, अशी समजूत करून घेतली तर ती पहिल्याच तडाख्यात फुटते. महाभारतच ती फोडतं.

तुकोबांचं काय झालं? ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत आले. मग दोघं इंद्रायणीकाठी आले आणि घरातली कर्जाची खतं तुकोबांनी मागवून घेतली. निम्मी कान्होबांना दिली, कारण त्याचा संसार त्याचा आहे. आपल्या वाट्याची निम्मी डोहात टाकली. हे ‘निम्मी’ मला फार आवडतं. वैराग्य स्वतःच्या वाट्याचं, दुसऱ्याच्या वाट्याचं नाही. आणि ज्यांची खतं बुडाली तेही दुष्काळातून उठलेले कुणबी-कष्टकरीच असणार. त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते तुम्हीच ताडा.

पण माउली, सगळी खतं बुडवणाऱ्या या सावकारानं एक खत मात्र जपून ठेवलं. देवाच्या नावावरचं. पतितपावन, अनाथांचा नाथ ही ब्रीदं त्यानं स्वतःच बांधून घेतली आहेत ना? मग तो ऋणको आणि मी धनको. गाथा या नजरेनं वाचून पाहा. किती ठिकाणी तुकोबा देवाला हिशेब मागतात, त्याला कंजूष ठरवतात, ब्रीद सोडून दे म्हणतात, तू आहेस की नाहीस इथपर्यंत जातात. हे नास्तिकाचं बोलणं नव्हे. ज्याच्याकडून येणं आहे असं वाटतच नाही, त्याच्या दारात तगाद्याला कोण जातं?

जुन्या काळी येणं वसूल करायची एक रीत होती, धरणं. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, आणि तो बसलाय तोवर घरातल्यालाही घास गिळता येत नसे. आता पुढचा प्रसंग आठवा. कवित्वाबद्दल आक्षेप घेतला गेला, रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी खतं आपल्या हातानं बुडवली होती, आता अभंग दुसऱ्याच्या आज्ञेनं. तुकोबा शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले. हे धरणंच! वह्या वर आल्या, अशी आपली परंपरा सांगते. आणि मग तुकोबांनी काय म्हणावं? जिंकल्याचा आनंद बाजूलाच. मी देवाला उपाशी ठेवलं, त्याला त्रास दिला, म्हणून क्षमा मागतात. बारकाईनं पाहा. आपण उपाशी होतो तेव्हा देवही उपाशी होता, हे त्यांना कळलं. रखमाबाई गेली तेव्हा तो कुठे होता, या प्रश्नाला मला यापेक्षा जवळचं उत्तर सापडलेलं नाही.

एक गोष्ट इथेच बोलून घेतो. दिवाळं निघालं, दुष्काळ पडला, बायको गेली, हे बरंच झालं, असं तुकोबा एका अभंगात देवाला सांगतात. तो त्यांचा अधिकार. स्वतःच्या जखमेबद्दल, स्वतः, वर्षांनंतर. आपण मात्र मयताच्या घरी तिसऱ्या दिवशी जातो आणि तेच त्या माणसाला ऐकवतो. असं करू नये. तिथे भाकरी घेऊन जावं.

भाकरीवरून जिजाई आठवली. धाकटी बायको, पुण्याच्या गुळव्यांची. कीर्तनात आम्ही तिला भांडखोर करून हशा घेतो. अहो, पण ज्या घरातून एक बाई भुकेनं गेली, त्याच घरात ही चूल पेटती ठेवत होती, आणि डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला शोधत भाकरी पोचवत होती. विठोबाला तिनं शिव्या दिल्या असतील तर तोही तगादाच.

दुष्काळ ओसरल्यावर तुकोबांनी पहिलं काम हाती घेतलं ते मोडक्या विठ्ठलमंदिराचं. पैसा नव्हता, म्हणून स्वतः खपून भिंती उभ्या केल्या. मग एकादशीचं कीर्तन सुरू केलं. आधी संतांची वचनं नुसती पाठ केली, कारण स्वतःचं बोलण्याजोगं अजून काही नव्हतं. ज्यांच्या घरात आज तसा काळ चालू आहे, त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. समाधान आधी आणि मग मंदिर, असं झालं नाही. प्रश्न तसाच होता आणि हात मातीत होते.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. पदरात लहान मुलं, घरात काही नाही. जन्माला आला तो नारायण. त्यानं बापाचं तोंडही पाहिलं नाही. १६८५ मध्ये त्यानंच तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या घेतल्या, आणि पंढरीची वाट धरली. आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते. गेलात तर शिळामंदिरात त्या शिळेपाशी थोडा वेळ बसा. तुमचं काही येणं असेल तर मागा.