अॅप-विकासासाठी संगणकाची पहिली मांडणी

मोबाइल अॅप लिहिणे, तपासणे आणि चालवणे यांसाठी संगणकावर लागणारी साधने बसवण्याचे काम. गोव्यात शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकवणारी ‘केअर्स’ योजना २०२१ मध्ये आली. डिचोली तालुक्यातील नार्व्यासारख्या गावातल्या मुलाला त्यापुढे जायचे, तर घरचा संगणक आधी सज्ज करावा लागतो.

अँड्रॉइडसाठी गूगलचा अँड्रॉइड स्टुडिओ मोफत मिळतो. त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१४ ची. रॅम किमान ८ जीबी हवी, १६ असेल तर उत्तमच. जावा वेगळी बसवावी लागत नाही. खरी कसोटी पहिल्या प्रकल्पाची: ग्रेडल हे साधन लागतील त्या फाइली इंटरनेटवरून उतरवू लागते आणि मध्येच रेंज गेली की सगळे अडते. एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन, रखडला, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते पाहावे.

अॅप तपासायला एम्युलेटरपेक्षा खिशातला फोन बरा. सेटिंग्जमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, मग यूएसबी डिबगिंग सुरू करून केबल जोडायची. नुसती चार्जिंगची केबल मात्र इथे चालत नाही.

आयफोनच्या अॅपसाठी अॅपलचे एक्सकोड वापरतात. ते फक्त मॅकवर चालते.