अप्सरा

अप्सरा : जलाशी निकट संबंध असलेल्या स्वर्गीय स्त्रिया. ऋग्वेदातील उर्वशी-पुरूरवा संवादात त्यांचे आरंभीचे रूप दिसते. पुढे समुद्रमंथनातून अप्सरा उत्पन्न झाल्याची कथा रूढ झाली व रंभा, मेनका, तिलोत्तमा ही नावे लोकमानसात स्थिरावली.

अर्वाचीन काळी या शब्दाने जी नवी क्षेत्रे व्यापली, त्यांत अणुविज्ञानाचे स्थान विशेष गौरवाचे आहे. मुंबईनजीक तुर्भे येथील भारताची पहिली अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी क्रांतिक अवस्थेस पोहोचली आणि पंडित जवाहरलाल नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नामाभिधान दिले. सदर भट्टीचा गाभा तलावाच्या स्वच्छ पाण्यात बुडालेला असून, पाण्यातील प्रकाशवेगाहून अधिक वेगाने धावणाऱ्या विद्युत्कणांमुळे गाभ्याभोवती निळसर प्रभा फाकत असे, तिला चेरेन्कॉव्ह प्रारण म्हणतात. जलातून प्रकटणाऱ्या तेजस्विनीचे नाव इतके यथार्थ क्वचितच कोठे पडले असेल.

शालेय दप्तरातील पेन्सिलीचा एक छाप म्हणूनही हे नाव घरोघरी पोहोचले. तर ‘नटरंग’ (2010) चित्रपटातील लावणीमुळे मराठी रंगमंचावरील सौंदर्यास ते नव्याने चिकटले.

वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांना मात्र ‘अप्सरा’सारखी पौराणिक नावे दिली जात नाहीत. पालघर जिल्ह्यात 1969 मध्ये वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या स्थलनाम व क्रमांक यांनीच ओळखल्या जातात.