आठवडी बाजार, व्ही. पी. आणि फोनवरची खरेदी



बाजाराच्या दिवशी हिंगण्याला गेलो, म्हणजे एक गोष्ट मी मुद्दाम पाहत उभा राहतो. तूर घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारीत नाही. तो ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली धरून पाहतो आणि मग म्हणतो, "बोला, काय भाव लावला?" त्याच वेळी, त्याच रस्त्याने, पाठीवर भली मोठी थैली घेतलेला एक तरुण फटफटीवरून जातो. त्याच्या थैलीतल्या वस्तू ज्यांनी विकत घेतल्या, त्यांनी त्या अजून डोळ्यांनी पाहिलेल्याही नसतात. फोनच्या पडद्यावर चित्र पाहिले, बोट लावले, सौदा झाला!

यांतली खरी खरेदी कोणती, यावरून हल्ली घरोघर वाद होतो. सून म्हणते, "फोनवर चार पैसे स्वस्त पडते." सासरा म्हणतो, "पाण्यात म्हैस आणि वर मोल, हा कसला व्यवहार?" दोघांचेही म्हणणे अगदी खोटे नाही. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला वाटते, हा वाद मुळात नवा नाही. तो किती जुना आहे हे आधी समजून घेतले, तर निवाडा करणे सोपे जाईल.

आधी बाजाराचे पाहू. आपल्या नागपूर शहरातल्या वस्त्यांची नावे आठवा: इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ही वारांची नावे वस्त्यांना बाजारांवरून मिळाली. बाजार हे पूर्वी रोज उघडे असणारे ठिकाण नव्हते, बाजार हा दिवस होता. त्या दिवशी बंड्या जुंपायच्या, धान्य न्यायचे, मीठ, मिरची, कापड आणावयाचे, सोयरिकीच्या गोष्टी काढावयाच्या, आजाऱ्याची खबर घ्यावयाची. माल आणि माणूस दोन्ही समोरासमोर असत. विकणारा फसवील, तर पुढल्या आठवड्यात त्याला त्याच जागी बसावयाचे असे. हा त्याच्यावर मोठाच वचक होता.

पण म्हणून बाजारात सगळा सत्ययुगाचा कारभार होता, असे समजू नका. माप खोटे, काटा खोटा, रुमालाखाली बोटे दाबून ठरविलेला भाव शेतकऱ्याला कळू न देणारे दलाल, हे सगळे त्या समोरासमोरच्या व्यवहारातच होते. म्हणून तर आपल्या वऱ्हाडात, कारंज्याला, १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा करावा लागला. हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा इंग्रजांचा स्वार्थ होताच, पण वजन-मापावर आणि दलालीवर कोणाची तरी देखरेख हवी, हे तत्त्व त्यातून रुजले. पुढे १९५६ च्या कायद्याने शेर-पायली जाऊन किलो आणि लिटर आले. तात्पर्य, डोळ्यांनी पाहून घेतलेल्या मालालाही कायद्याचे पाठबळ लागलेच.

आता दुसरी बाजू. माल न पाहता, दूरच्या दुकानातून घरी मागविण्याची सोय आपल्याकडे फोनने आणली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हे आपण शाळेत शिकवतो. त्याच १८७७ साली टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली सर्वांची 'व्ही. पी.' सुरू केली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पद्धत साधी होती. तुम्ही कार्ड टाकावयाचे, दुकानदाराने पुडके टपालात द्यावयाचे, पोस्टमनने ते दारी आणावयाचे आणि तुमच्याकडून किंमत घेऊन ती दुकानदाराला पोचती करावयाची. १८८० मध्ये मनिऑर्डरीचे कामही टपालखात्याकडे आले आणि ही वाट आणखी सोपी झाली.

या व्ही. पी. ने खेड्यांवर केलेले उपकार शिक्षकांनी तरी विसरू नयेत. पुण्या-मुंबईची पुस्तके, मासिके, औषधे, घड्याळे, बियाणे अशी कितीतरी चीजवस्तू तिने आडगावात पोचविली. 'व्ही. पी. सोडवून घेणे' हा शब्दप्रयोगच मराठीत रूढ झाला. लहान गावात पोस्टाचे काम पुष्कळदा शाळामास्तरच पाहत, तेव्हा शाळेच्या ओसरीवरच हा व्यवहार होई. तालुक्याच्या दुकानात जी वस्तू कधी दिसलीच नसती, ती एका कार्डाच्या खर्चात मागविता येऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण सासऱ्याची शंका इथेही होतीच. किंमत दिल्याखेरीज पुडके फोडता येत नसे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. १९९२ च्या सुमारास त्यांनी एका जाहिरातीवर विश्वास ठेवून व्ही. पी. ने रेडिओ मागविला. पोस्टमनला पैसे मोजून दिले आणि आम्ही भावंडांनी मोठ्या उत्साहाने खोके फोडले. आत पत्र्याचे दोन तुकडे आणि अर्धी वीट! बिचाऱ्या पोस्टमनचा त्यात काय दोष? वडिलांनी तीन पत्रे लिहिली, एकाचेही उत्तर आले नाही. त्यांनी आम्हांला एवढेच सांगितले, "गावात कोणाला बोलू नका." मास्तर फसला म्हणून लोक हसतील, याचेच त्यांना जास्त वाईट वाटत होते. पुढे दोन महिन्यांनी त्यांनी बाजारातल्या दुकानातून रेडिओ घेतला. चाळीस रुपये जास्त पडले. पण दुकानदाराने तो आधी लावून दाखविला, नागपूर केंद्र ऐकविले आणि "अर्धे पैसे दिवाळीनंतर द्या, गुरुजी," असे वर म्हणाला.

हाच झगडा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांतही झालेला आहे. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये टपालाने माल विकावयास आरंभ केला. खेड्यातला दुकानदार मनास येईल तो भाव लावतो, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती, म्हणून त्यांनी ही सोय उचलून धरली. पसंत नसेल तर पैसे परत, अशी हमी वॉर्डने १८७५ मध्ये दिली. दुकानदार मंडळी चिडली, काही गावांत तर किंमतीच्या याद्यांची होळीसुद्धा झाली! आणि गंमत पाहा, सिअर्स नावाची तिथली दुसरी बडी टपाल-पेढी १९२५ साली स्वतःच दुकाने उघडू लागली, कारण मोटारी आल्या आणि लोकांना पाहून-निवडून घ्यावेसे वाटू लागले. त्याच सिअर्सने १९९३ मध्ये आपली जाडजूड यादी छापणे बंद केले, आणि पुढच्याच वर्षी ॲमेझॉन निघाली! म्हणजे रहाट फिरावा तसे हे आहे. कधी माणूस मालाकडे जातो, कधी माल माणसाकडे येतो.

आपल्याकडे फ्लिपकार्ट २००७ साली बंगळूरला निघाली, तीही पुस्तके विकण्यासाठी. पण परक्या जागी आधी पैसे पाठवावयास लोक धजत नव्हते. तेव्हा २०१० मध्ये तिने 'माल हाती आल्यावर पैसे' ही पद्धत सुरू केली. ओळखलीत ना? ही आपली १८७७ ची व्ही. पी.च, फक्त नव्या कपड्यांत! शिवाय हे पार्सल घर शोधते ते पिनकोडावर. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही योजना टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हिंगण्याचा ४४१११० हा आकडा पत्रांसाठी नेमला होता, आज त्यावर चपला आणि मिक्सर येतात.

मग फरक काय पडला? फरक पडला तो गाऱ्हाण्यात. वडिलांच्या तीन पत्रांना उत्तर देण्याची त्या पेढीला गरज वाटली नाही. आज २०२० च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीने तक्रार-अधिकारी नेमलाच पाहिजे, तक्रार पोचल्याचे अठ्ठेचाळीस तासांत कळविले पाहिजे आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथल्याच आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीच्या गावी हेलपाटे नकोत. आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक तर पोरासोरांनाही पाठ पाहिजे. गुरुजनहो, तो वर्गाच्या फळ्यावर लिहा. फसणे ही लाज नव्हे, फसून गप्प बसणे हा तोटा आहे. माझ्या वडिलांना हे सांगणारा कोणी नव्हता.

आता दुकानाविषयी दोन शब्द. एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, घर सोडता न येणारी म्हातारी, तालुक्यात न मिळणारे पुस्तक हवे असलेला विद्यार्थी, यांना फोनवरची खरेदी वरदान आहे. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण ओळखीचे एक चपलांचे दुकानदार परवा मला म्हणाले, "सर, लोक येतात, चार जोड पायात घालून पाहतात, नंबर विचारून घेतात आणि घरी जाऊन फोनवर मागवतात. मी काय फक्त पाय मोजायला बसलोय का हो?" मला उत्तर सुचले नाही. कारण पाहण्याचा फायदा दुकानातून घ्यावयाचा आणि पैसा दुसरीकडे द्यावयाचा, हे बाजारधर्माला धरून नाही. ते दुकान उद्या बंद पडले, तर पाहावयाचे कुठे? २०२० च्या टाळेबंदीत हातात पैसा नसताना वहीवर नाव लिहून कितीकांना किराणा मिळाला, तो ओळखीच्या दुकानातूनच. फोनवाल्यालाही हल्ली उधारी देता येते, पण ती आकडा पाहून, माणूस ओळखून नव्हे.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. जी वस्तू हाताने, नाकाने, जिभेने पारखावयाची, म्हणजे धान्य, भाजी, कापड, ती शक्यतो समोर पाहून घ्या. जी वस्तू सगळीकडे एकसारखीच निघते, म्हणजे छापलेले पुस्तक किंवा नाव-नंबर ठरलेले यंत्र, ती खुशाल घरी मागवा, पण विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि परतीची अट आधी वाचा, पावती जपून ठेवा, खोके उघडताना फोनमध्ये चित्रण करा. आणि ज्या दुकानात पायात घालून पाहिले, तिथूनच ती चप्पल घ्या.

बाजारातला तो माणूस तुरीचा दाणा दाताखाली धरतो, ती त्याच्या बापजाद्यांची विद्या आहे. फोनवर खरेदी करतानाही दाणा पारखावा लागतोच. तो कसा पारखावा, हे आता आपण आपल्या मुलांना शिकविले पाहिजे.