यंत्राचें लेखन आणि माणसाची सही

मजकूर एकानें सांगावा व दुसऱ्यानें तो लिहून काढावा, ही रीत फार जुनी आहे. शिवकालीन दफ्तरांत पत्रें चिटणीस व कारकून लिहीत. पण मजकूर संपतांच शेवटीं 'मर्यादेयं विराजते' या अक्षरांची मुद्रा उमटविली जाई. पत्राची मर्यादा येथें संपली, हा तिचा अर्थ. मागाहून कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मुद्रेबाहेर पडे. हात कोणाचाहि असो, शब्दाचा धनी कोण याविषयीं संशय राहत नसे.

लिहिणारा हात यंत्राचा झाला, तेव्हां हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. १९६६ सालीं अमेरिकेंतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनीं 'एलायझा' नांवाच्या संगणकीय आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्या माणसानें लिहिलेल्या वाक्यांतलेच शब्द फिरवून ती त्याला प्रश्न विचारी. तिला अर्थ मुळींच कळत नव्हता. तरीहि माणसें तिच्यापुढें मन मोकळें करूं लागलीं. हें पाहून खुद्द तिचा निर्माताच अस्वस्थ झाला, आणि १९७६ सालीं एक ग्रंथ लिहून त्यानें लोकांस सावध केलें.

पुढें ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' सर्वांस खुलें झालें. अफाट लिखित मजकुराच्या अभ्यासावरून, एका शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय, याचा अदमास बांधीत तें लिहितें. त्यामुळें भाषा सफाईदार उतरते. परंतु सफाईदार वाक्य हें खरें वाक्य असेलच असें नाहीं.

याचा प्रत्यय २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत आला. विमानांत खाद्यपदार्थांच्या गाडीचा धक्का लागून गुडघा दुखावला, अशी एका प्रवाशाची विमानकंपनीविरुद्ध फिर्याद होती. त्याच्या वकिलांनीं पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले देऊन एक निवेदन सादर केलें. प्रतिपक्षास ते दाखले सांपडेनात, न्यायालयासहि सांपडेनात. त्यांतील ६ निवाडे जगांत कधीं झालेच नव्हते. ते यंत्रानें रचले होते. हे निवाडे खरे आहेत काय, असें वकिलानें विचारलें होतें. पण विचारलें तें त्या यंत्रासच! यंत्रानें होकार दिला. ज्याच्या खरेपणाची शंका, त्यालाच पंच नेमण्यासारखें हें झालें.

जून २०२३ मध्यें न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनीं वकिलांस व त्यांच्या कचेरीस मिळून ५,००० डॉलर दंड केला, आणि ज्या न्यायाधीशांच्या नांवावर हे खोटे निवाडे घातले होते, त्यांस तसें पत्रानें कळविण्यास फर्माविलें. विश्वसनीय यंत्राची मदत घेण्यांत मुळांत गैर असें कांहीं नाहीं, असेंहि निकालांत स्पष्ट म्हटलें आहे. दोष ठरला तो न तपासतां सादर करण्याचा, आणि शंका निघाल्यावरहि आपलेंच रेटण्याचा.

तेव्हां, श्रोतेहो, यंत्राकडून मसुदा करून घ्यावा, वाक्यें नीटनेटकीं करून घ्यावीं, एखादा मुद्दा राहून गेला आहे काय, हेंहि विचारावें. यांत कमीपणा नाहीं. मात्र नांव, साल, आंकडा व दाखला मूळ ग्रंथाशीं ताडून पाहावा, आणि जें आपणांस समजलें नाहीं, त्याखालीं आपली सही करूं नये. न्यूयॉर्कच्या त्या खटल्यांत मजकूर यंत्राचा होता. न्यायालयापुढें उभें राहून जाब द्यावा लागला, तो माणसांना.